पाहण्याची वेळ : तीननंतर

फोनवरच्या माणसाने किंमत विचारली नाही.

“त्या फ्लॅटला मागच्या बाजूनं जिना आहे का हो?” त्याने विचारलं.

मी जाहिरात स्क्रीनवर उघडून पाहिली. “नाही, जिना एकच आहे. मागे स्वयंपाकघराला बाल्कनी आहे, पण तिला ग्रिल लावलंय.”

“ग्रिल आहे. बरं.” मध्ये थोडा वेळ गेला. तो लिहून घेत असावा. “आणि इमारत कुठली? नकाशात खूण केलीय तिथं तीन दिसतात. एकसारख्या.”

“ब विंग. दुसरा मजला.”

“तीननंतर बघता येईल असं लिहिलंय तुम्ही.”

“हो, भाडेकरू तीनला घरी येतात. आपलं नाव सांगता?”

फोन बंद झाला होता. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

दोन महिन्यांत मी दोनशे चौदा फोन घेतले होते आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न वहीत लिहून ठेवला होता. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर नोकरी लागली नव्हती, सवय तेवढी लागली होती. दहातले नऊ जण आधी किंमत विचारत. उरलेले पाणी, गाडी लावायची जागा, रेल्वे स्टेशनचं अंतर. मागचा जिना आजवर कुणी विचारला नव्हता. मी तो प्रश्न नव्या ओळीत लिहिला. मला त्याची गंमत वाटली, हे कबूल करायला हवं.

हेमाकाकू कपाटापलीकडे डबा खात होत्या. साळवी स्टॉपजवळचा त्यांचा गाळा इतका लहान होता की कपाटाच्या अलीकडे ऑफिस आणि पलीकडे त्यांचं जेवण. काकूंचे यजमान जिल्हा परिषदेत कारकून होते. ते गेल्यावर काकूंनी घराची वरची खोली एका शिक्षिकेला भाड्याने दिली. मग त्या शिक्षिकेच्या मैत्रिणीला शेजारच्या आळीत खोली बघून दिली. असं करता करता बावीस वर्षं झाली. रत्नागिरीत एकटीने राहायला येणाऱ्या नर्स, शिक्षिका, बँकेतल्या मुली, सगळ्यांना कुणीतरी काकूंचाच नंबर देई. मी लांज्याहून कॉलेजला आले तेव्हा माझी खोलीही त्यांनीच बघून दिली होती.

त्यांची पद्धत ठरलेली. फोनवर पत्ता कधीच सांगायचा नाही. गिऱ्हाइकाने आधी गाळ्यात यायचं, बसायचं, पाणी प्यायचं. मग काकू चौकशी सुरू करणार : गाव कुठलं, घरात कोण कोण, आधीची जागा का सोडली. मन भरलं तर रिक्षात घालून, सरळ रस्ता सोडून, दोन आळ्या उगाच फिरवून जागा दाखवणार. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला ती इमारत एकट्याने सापडू नये एवढी काळजी घेऊन.

“पत्ता दिला की गिऱ्हाईक उद्या थेट मालकाकडे जातंय,” काकू म्हणायच्या. “मग मी काय करू? हरी हरी?”

मला ही लपवाछपवी आवडत नसे. एकदा त्यांच्याशी भांडलेही होते. “लांज्याचं ते जोडपं तीनदा आलं, काकू. तिसऱ्या खेपेला त्यांना कळलं की चौथा मजला आहे आणि लिफ्ट नाही. बरोबर म्हातारी आई. आधीच लिहून टाकलं असतं तर?”

“लिही बाई, लिही. बाकीचे सगळे लिहितायत, आपण तेवढे मागे. गाळा रिकामा पडायला लागलाय हे मलाही दिसतंय गो.”

म्हणून मी लिहीत होते. त्या साइटच्या फॉर्ममध्ये अडतीस रकाने होते आणि मी एकही रिकामा सोडत नसे.

या फ्लॅटचे मालक दत्तात्रेय म्हणून एक निवृत्त इंजिनिअर होते, पुण्याला राहणारे. त्यांना फ्लॅट विकायचा होता. काकू तापाने दोन दिवस घरी होत्या तेव्हा त्यांचा फोन आला. “सगळं नेटवर पाहिजे. फोटो, नकाशा, सगळं. लपवायचं काय त्यात?” मला अगदी पटलं. मी एकटीच जाऊन फोटो काढून आले.

तिथे काकूंनीच जागा बघून दिलेली भार्गवी भाड्याने राहत होती. एका खाजगी हॉस्पिटलात नर्स, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिने मला चहा दिला, स्वतः मात्र उभीच राहिली. “माझं नाव कुठं येणार नाही ना?” तिने विचारलं.

“नाही हो. फक्त घराचे फोटो.”

चौदा फोटो काढले. आकार कमी न करता, मूळचे तसेच चढवले, म्हणजे फरशीची भेगसुद्धा लोकांना घरबसल्या दिसावी. ‘पाहण्याची वेळ’ या रकान्यात लिहिलं : दुपारी तीननंतर, भाडेकरू नर्स आहेत, सकाळपाळी. आधी कुणी जाऊन दार वाजवू नये, एवढाच विचार होता.

“काकू, आज एक भारी गिऱ्हाईक आलं,” मी कपाटापलीकडे डोकावून म्हटलं. “किंमत नाही, पाणी नाही. मागचा जिना आहे का, म्हणे.”

काकूंचा घास हातात राहिला. “कुठल्या फ्लॅटचा?”

“भार्गवी राहते तो.”

“परत सांग. काय काय विचारलंन? आणि तू काय काय सांगितलंस?”

मी सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. जिना, ग्रिल, विंग, मजला, वेळ. प्रश्नांचा क्रम घर बघणाऱ्याचा नव्हता. आत शिरणाऱ्याचा होता.

काकूंनी डबा तसाच बाजूला सारला. “तिचा नवरा आहे मंडणगडाकडे. मारून मारून दोनदा दवाखान्यात पोचवलंन तिला. दुसऱ्या खेपेला ती घरी परत गेलीच नाही, दवाखान्यातूनच निघाली. दीड वर्ष झालं. तिचा पत्ता तिच्या आईलासुद्धा नाही ठाऊक.”

“मला का नाही सांगितलंत?”

“कुणालाच सांगितलं नव्हतं. दत्तात्रेयांनासुद्धा नाही.” काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. “फोटो दाखव.”

तिसरा फोटो झोपायच्या खोलीचा होता. दार अर्धवट लोटलेलं, दारामागे खिळा, खिळ्याला निळ्या फितीत ओळखपत्र. मी फोटो मोठा करत गेले. आणखी मोठा. अक्षरं फुटली नाहीत. नाव वाचता येत होतं, हॉस्पिटलचंही.

जाहिरात काढून टाकायला अकरा सेकंद लागले. “काढलीस ना? बरं,” काकू म्हणाल्या. “पण त्याचं वाचून झालंय.”

भार्गवीचा मोबाइल पाळी संपेपर्यंत लॉकरमध्ये असे. काकूंनी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन लावला. ड्यूटीवरच्या सिस्टरला फोन देता येणार नाही, निरोप सांगा, असं पलीकडची मुलगी म्हणाली. “सांग, हेमाकाकूचा फोन होता. घरी येऊ नको म्हणावं. तिथेच थांब म्हणावं. लिहून घेतलंस का गो?” मुलीने ‘हो हो’ म्हटलं. लिहिल्याचं त्या आवाजावरून वाटलं नाही.

“पोलिसांना फोन करू?” मी विचारलं.

“कर. काय सांगशील? एका माणसाने जिना कुठे आहे ते विचारलंन?”

हॉस्पिटलला दोन फाटकं, ती कुठून बाहेर पडेल नेम नाही, पण घरी यायची वाट एकच; म्हणून काशीरामच्या रिक्षाने आम्ही तिच्या घराकडेच निघालो. “काय काकी, आज सरळ रस्त्यानं?” तो आरशात बघून हसला. काकूंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली होती. मी सारखं घड्याळ बघत होते. भार्गवी अडीचला सुटते, चालत तीनला पोचते. दोन वाजून सात मिनिटं.

नाचणे रस्त्याच्या आत चिऱ्याच्या कुंपणाने वेढलेलं ते आवार. तीन इमारती, ऑक्टोबरचं ऊन, वाळत घातलेल्या चादरी, माणूस एकही नाही. एक मोटारसायकल सावलीला लावलेली होती, हँडलला हेल्मेट. मोटारसायकली कुणाच्याही असतात.

“त्याचा नंबर आहे माझ्याकडे,” मी कुजबुजले. “लावून बघू?”

काकूंनी होकारार्थी मान हलवली. मी नंबर लावला, फोन कानाला न लावता हातात धरला.

ब विंगच्या जिन्यातून घंटी ऐकू आली. आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्याच्या वळणावर. तीनदा वाजली आणि थांबली. मग पायऱ्यांवरून कुणीतरी उठल्याचा आवाज.

मला पळून जावंसं वाटलं. खरं तर पाय उचललाही होता. काकूंनी माझं मनगट धरलं आणि त्यांच्या तोंडून त्यांचा रोजचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज निघाला. “फ्लॅट बघायला आलात ना? मग असे जिन्यात काय बसलात? या, दाखवत्ये.”

तो दोन पायऱ्या उतरून उभा राहिला. पस्तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. त्याला पाहून कुणीही रस्ता विचारला असता, असा. “मी आपला लवकरच आलो जरा,” तो म्हणाला. “उन्हाचं.”

“बरं केलंत.”

काकू पुढे झाल्या. त्यांचे गुडघे दुखतात, एरवी त्या दर चार पायऱ्यांना थांबतात. आज थांबल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर दोनशे दोन आणि दोनशे तीन ही दारं समोरासमोर, मध्ये चार फुटांची जागा. दोनशे दोनवर नावाची पाटी नव्हती, पण दाराशी भार्गवीच्या चपला होत्या. त्यातली एक उलटी पडली होती. काकूंनी आपल्या चपला त्यांच्याच शेजारी काढल्या.

“आरोही, तूही इथेच काढ गो. घाण नको आत.”

मी काढल्या. दोन बायका आणि तीन जोड. त्याने मोजले तर कळणार होतं.

काकूंनी जुडग्यातली किल्ली निवडून दोनशे तीन उघडलं. तो एका मुंबईकर कुटुंबाचा फ्लॅट होता, गणपतीनंतर बंद, किल्ली काकूंकडे ठेवलेली. आतून कोंदट वास आला. एक खाट आणि केरसुणी सोडली तर आत काही नव्हतं.

“सामान होतं फोटोत,” तो म्हणाला.

“खाली केलंन तिनं. आठ दिवस होतील. मालक विकतोय म्हटल्यावर भाडेकरू कशाला थांबतंय?”

“जाहिरातीत तर आहे असं लिहिलंय.” तो माझ्याकडे वळला. “फोटो तुम्ही काढलेत? छान काढता. सगळं दिसतं.”

“बदलायचं राहिलं,” मी म्हटलं.

“कुठं गेली मग ती?”

“मी विचारत नाही,” काकू म्हणाल्या. “माझं काम भिंतींशी. या, ही बघा, या भिंतीला ओल येते. खोटं सांगत नाही.”

आणि काकू सांगत सुटल्या. पाणी सकाळी सहा ते सव्वासात, मे महिन्यात दिवसाआड. खाऱ्या वाऱ्याने ग्रिल तीन वर्षांत गंजतं. वरच्या मजल्याचं न्हाणीघर गळतं. सोसायटीत दोघांची भांडणं आहेत, कोर्टात गेलीत. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाला जे कधी सांगितलं नसेल ते सगळं त्या दुपारी त्यांनी त्याला सांगितलं. प्रत्येक नळ सोडून दाखवला, प्रत्येक खिडकी उघडून परत लावली. मला उशिरा कळलं की त्या वेळ काढत होत्या. तोही ऐकत होता, माना डोलवत होता. तो गिऱ्हाईक नाही हे काकूंना ठाऊक होतं. त्यांना ते ठाऊक आहे हे त्याला किती कळलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

स्वयंपाकघरात तो थांबला. “ओटा हिरवा होता फोटोत.”

इथला काळा होता. मी फरशीकडे पाहिलं.

“फोटोत रंग कुठे खरे दिसतात हो?” काकू म्हणाल्या. “माझा लग्नातला शालू जांभळा, फोटोत काळाकुट्ट आलाय. सासूबाई मरेपर्यंत मला ऐकवत होत्या.”

तो हसला. खाली बघून, हळू, सभ्य माणसासारखा. आतापर्यंत मी घाबरले होते, ते हसू ऐकल्यावर मी काकूंच्या आड सरकले.

दोन बावन्नला जिन्यात पावलं वाजली.

आम्ही तिघंही बोलायचे थांबलो. पावलं पहिल्या मजल्यावर आली, वळली, वर यायला लागली. बाईची पावलं, थकलेली. उघड्या दारातून समोरचं दार दिसत होतं. काकू खिडकीच्या कडीला हात लावून उभ्या होत्या, त्यांनी तो हात काढला नाही. पावलं मजल्यावर आली. हिरव्या साडीतली एक बाई भाजीची पिशवी घेऊन दारासमोरून गेली आणि तिसऱ्या मजल्याकडे वळली. वर एक दार उघडलं, एक मूल ‘आई’ म्हणालं, दार लागलं.

“तीन वाजत आले,” तो म्हणाला.

“हो ना. आता थांबाच. या खोलीत ऊन येईल. पश्चिमेची खोली, दुपारी भट्टी होते नुसती. तेही बघून जा, नाहीतर मागाहून म्हणाल, सांगितलं नाहीत.”

आणि आम्ही तिघं त्या रिकाम्या खोलीत ऊन यायची वाट बघत उभे राहिलो. ते खिडकीच्या कठड्यावर आलं, मग फरशीवर उतरलं. तीन दहा. तीन वीस. जिन्यात कुणी आलं नाही.

साडेतीनला तो म्हणाला, “बरं, येतो मी.” बाहेर जाऊन बूट चढवायला वाकला. नाड्या सावकाश बांधल्या. त्याची नजर चपलांवर होती. मग हात पुढे करून त्याने भार्गवीची उलटी पडलेली चप्पल सरळ केली, दुसरीच्या शेजारी नीट लावली.

“उलटी चप्पल बरी नाही,” तो म्हणाला. “घरात भांडणं होतात.” उभा राहून त्याने हात पुसले. “भार्गवी भेटली तर सांगा, घरी सगळे वाट बघतायत.”

“कोण भार्गवी?” काकू म्हणाल्या.

त्याने नमस्कार केला आणि तो उतरून गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज खूप वेळ आला नाही. आला तेव्हा काकू खाटेवर बसल्या. निघताना त्यांना किल्ली कुलपात घालता येईना. ती मी घातली.

निरोप पोचला होता. भार्गवी हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या मागे बसली होती. तिला त्याच दुपारी दुसरीकडूनही कळलं होतं. मोबाइल लॉकरमधून काढल्यावर मावसबहिणीचा निरोप दिसला. सासरच्या गावच्या मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, गावातले आणि मुंबईतले मिळून दीडशे जण. मुंबईतला कुणीतरी रत्नागिरीत फ्लॅट शोधत होता. त्याने मी काढलेला तो खोलीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ही आपली भार्गवी वहिनी ना? छान संसार मांडलाय.’ त्यावर लोकांनी फुलं आणि जोडलेले हात पाठवले होते. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती तो फोटो बघत होती. “घर छान दिसतंय,” ती म्हणाली. “एवढं मोठं वाटलं नव्हतं कधी.”

संध्याकाळी काकू तिला पोलीस स्टेशनला घेऊन गेल्या. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, लिहिलं, तो पुन्हा दिसला तर लगेच फोन करा म्हणून नंबर दिला. शेवटी विचारलं, “सध्याचा पत्ता?” भार्गवीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी आपला पत्ता सांगितला.

रात्री ती काकूंकडे झोपली, मीही. म्हणजे झोपलं कुणीच नाही. तिने निघायचं ठरवलं होतं. ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याशी ती अंगणात जाऊन फोनवर बोलली. काकूंनी मध्येच उठून मिक्सर लावला, एवढ्या अवेळी, काही वाटायचं नसताना.

“सगळ्याच जाहिराती काढून टाकू?” मी त्यांना विचारलं.

“कशाला? पाण्याचं लिही. ओल येत असेल तर ओल लिही. लिफ्ट नाही ते मोठ्या अक्षरात लिही, लोकांना फुकट खेपा नकोत. आत कोण राहतंय, कधी येतंय, ते नको.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि मी तुला सांगायला हवं होतं गो. सगळं पोटात ठेवायची सवय. तेही चुकलंच.”

सकाळी पावणेसहाला आम्ही रहाटाघर स्टँडवर होतो. भार्गवीकडे दोन बॅगा होत्या, बाकीचं सामान मागेच राहिलं. काकूंनी तिला पोळीभाजीचा डबा दिला.

“पोचल्यावर फोन करते, काकू.”

“नको करूस. निदान चार-सहा महिने नको.”

ती वाकली, काकूंनी तिला मध्येच धरून उभं केलं. मग तिने माझा हात एकदा दाबला आणि ती फलाटांच्या बाजूला चालायला लागली. मी तिच्याकडे बघत होते. कुठल्या गाडीत चढते ते बघायला माझी मान आपोआप वळली होती. काकूंनी माझ्या खांद्याला धरून मला फिरवलं. आमच्यासमोर आता बंद उपाहारगृहाचं शटर होतं, त्याला गंज चढलेला.

मागे गाड्या सुरू होत होत्या. कंडक्टरच्या शिट्ट्या वाजल्या. स्पीकर खरखरला आणि त्यावरचा माणूस गावांची नावं घ्यायला लागला, तशा काकू एकदम मोठ्याने बोलायला लागल्या.

“काल भेंडी आणली गो, बाजारातनं, दिसायला काय सुंदर! आणि घरी येऊन बघत्ये तर सगळी जून. मोडायला गेलं तर मोडेना—”

“हो का?” मीही मोठ्याने म्हटलं.

“अगो, लाकूड नुसतं! तिला म्हटलं, बये, मला काय सुतार समजलीस?”

शेजारचा हमाल आमच्याकडे वळून बघायला लागला. काकू शटरकडे तोंड करून बोलतच होत्या, डोळ्यांतलं पाणी न पुसता, आणि स्पीकर बंद होईपर्यंत त्या भेंडीवरून वांग्यावर, वांग्यावरून पडवळावर आल्या होत्या.